स्टान्यूटाचं करिअर कसं बघायचं: रिदमिकला मुली घालणाऱ्या नाशिककरांसाठी

नाशिकला कुणाला सांगितलं की मुलगी रिदमिक जिम्नॅस्टिक्सला जाते, की पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे मल्लखांबासारखं का? नाही हो. मग दुसरा, म्हणजे ते दीपा कर्माकरचं? तेही नाही, ते आर्टिस्टिक. रिदमिक म्हणजे १३ बाय १३ मीटरचं कार्पेट, म्युझिक, आणि हातात हूप, बॉल, क्लब्ज नाहीतर रिबन, सव्वा ते दीड मिनिटाचं एक रूटीन, अशी चार रूटीन मिळून ऑल-अराउंड. आता क्लासच्या मुली बघतात काय तर रील्स. पाय डोक्याच्या मागून आला, रिबन फिरली, संपलं, पुढची रील. त्यातून अंग किती वळतं एवढंच कळतं, खेळ कळत नाही, आणि आईबापांना तर स्कोअरशीट बघून काहीच लागत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की एक खेळाडू धरा आणि तिचं अख्खं करिअर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने बघा. आणि ती सारखी जिंकणारी नको. येवगेनिया कानायेवा बघायला अप्रतिमच आहे, २००८ आणि २०१२ दोन्ही ऑलिम्पिकचं गोल्ड तिचं, पण ती जिंकतेच हो, त्यातून मार्क कुठे जातात आणि कुणामुळे कोण मागे पडतं हे समजायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा बेलारूसची मेलितीना स्टान्यूटा घ्या. वर्ल्ड चॅम्पियनशिपला ऑल-अराउंडची तीन ब्राँझ, २०१०, २०१३ आणि २०१५, आणि ऑलिम्पिक मेडल शून्य. मधे खेळाचे नियम बदलले, एक साधन गेलं, मार्कांची पट्टी बदलली. शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी देश बघा, मग मुलगी

बेलारूसची लोकसंख्या एक कोटीच्याही आत. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती, म्हणजे साधारण दीड नाशिक जिल्हा एवढा तो देश. आणि या देशाने काय केलंय बघा. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकचं गोल्ड मरीना लोबाचचं, तेव्हा ती सोव्हिएत युनियनकडून खेळली पण मुलगी मिन्स्कजवळच्या स्मोलेविचीची, आणि स्कोअर ६० पैकी ६०, एक कणसुद्धा कापला नाही कुणी. तिची कोच इरिना लेपार्स्काया, हीच बाई पुढे बेलारूसच्या टीमची मुख्य कोच झाली. मग २००० सिडनीला युलिया रास्किना सिल्व्हर, २००८ बीजिंगला इन्ना झुकोवा सिल्व्हर, २०१२ लंडनला ल्युबोव चर्काशिना ब्राँझ, आणि २०२१ मधे झालेल्या टोकियोला अलिना हार्नास्को ब्राँझ. ग्रुपचं, म्हणजे पाच मुली एकत्र खेळतात त्याचं, वेगळंच, २००० आणि २०१२ ला सिल्व्हर, २००८ ला ब्राँझ.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की स्टान्यूटाची लढाई फक्त रशियन मुलींशी नव्हती, घरातसुद्धा होती. ऑलिम्पिकला एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच मुली वैयक्तिकमधे जातात. मिन्स्कच्या हॉलमधे रोज शेजारच्या कार्पेटवर जी मुलगी प्रॅक्टिस करते तीच तुमची स्पर्धक. आपल्याकडे पालक जिल्हा स्पर्धेला दुसऱ्या क्लासच्या मुलीकडे डोळे वटारून बघत असतात, इथे तर एकाच क्लासमधली.

वही करा, पण मेडलची नको

मोबाइलमधे एक्सेल चालेल, मला वही बरी वाटते. नुसतं वर्ष आणि मेडल लिहिलं तर ती यादी गुगलवर पण मिळते, उपयोग नाही. प्रत्येक स्पर्धेपुढे एवढं लिहायचं: कुठल्या चार साधनांवर खेळली, मार्क कितीपैकी होते, क्वालिफिकेशनला कितवी, फायनलला कितवी, आणि पुढे असलेल्या मुलींपैकी किती जणी एकाच देशाच्या. शेवटचा रकाना लोक सोडतात आणि तोच सगळ्यात जास्त बोलतो.

"कितीपैकी" यावर जरा थांबू, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. या खेळात ऑलिम्पिकच्या चार वर्षांच्या सायकलनुसार नियमांचं पुस्तक बदलतं, त्याला कोड म्हणतात. आता ऑलिम्पिक गोल्डचे आकडे एकाखाली एक लिहून बघा. सिडनी २००० ला बार्सुकोवा ३९.६३२. बीजिंग २००८ ला कानायेवा ७५.५००. लंडन २०१२ ला तीच कानायेवा ११६.९००. रिओ २०१६ ला मार्गारिता मामून ७६.४८३. टोकियोला लिनोय अश्राम १०७.८००. कुणी म्हणेल लंडननंतर खेळाचा दर्जा घसरला का काय. तसं काही नाही, सिडनीला चार साधनं मिळून ४० पैकी होतं, बीजिंगला ८०, लंडनला एका साधनाला ३० म्हणजे १२० पैकी, रिओला परत एका साधनाला २० म्हणजे ८० पैकी, आणि २०१८ पासून डिफिकल्टीला वरची मर्यादाच काढून टाकली, जेवढं अवघड कराल तेवढे मार्क. म्हणजे स्टान्यूटाचा २०१० चा आकडा आणि २०१५ चा आकडा शेजारी ठेवून "सुधारली" किंवा "घसरली" म्हणणं म्हणजे निव्वळ गंमत. तुलना करायची तर त्याच स्पर्धेतल्या पहिलीशी आणि चौथीशी, बस.

आणि फरक किती बारीक असतो तेही वहीत उतरवा. बीजिंगला झुकोवाचं सिल्व्हर ७१.९२५ आणि युक्रेनच्या बेसोनोवाचं ब्राँझ ७१.८७५, म्हणजे चार रूटीन मिळून फरक ०.०५०. लंडनला चर्काशिना १११.७००, अझरबैजानची गारायेवा १११.५७५ वर चौथी, घरी गेली. असे आकडे बघितले की आपल्या मुलीच्या शीटवरचं "०.१ का कापलं" हे भांडण जरा वेगळ्या नजरेने दिसायला लागतं, म्हणजे भांडू नका असं नाही म्हणत मी, पण कशावरून कापलं ते विचारा.

व्हिडिओ कुठल्या क्रमाने

सुरुवात २०१० मॉस्को वर्ल्ड चॅम्पियनशिप. स्टान्यूटाचा जन्म नोव्हेंबर १९९३ चा, म्हणजे तेव्हा ती १६ वर्षांची, आणि पहिली कानायेवा, दुसरी कोंदाकोवा, दोघी रशियन, रशियातच स्पर्धा, आणि तिसरी ही. त्या वर्षी साधनं होती रोप, हूप, बॉल, रिबन. रोपचं रूटीन आवर्जून बघा कारण २०११ पासून सीनियर वैयक्तिकमधून रोप गेली आणि क्लब्ज आले. म्हणजे या मुलीने ज्या चार साधनांवर वर्ल्ड ब्राँझ काढलं त्यातलं एक साधन पुढच्याच वर्षी नव्हतं. असं कितीतरी जणींचं झालं, पण आपण मेडलची यादी वाचतो तेव्हा हे कुठे दिसतच नाही.

मग थेट लंडन २०१२. क्वालिफिकेशनला २४ जणी, फायनलला पहिल्या १०. स्टान्यूटा १२ वी. फायनल नाही. आणि तिच्याच टीममधली चर्काशिना ब्राँझ घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी जगात तिसरी असलेली मुलगी फायनलच्या कार्पेटवरसुद्धा नाही, हे बघताना जरा कसंतरी होतं. पण इथेच थांबू नका, बरेच जण इथेच थांबतात.

२०१३ पासून नवीन कोड आला. मार्क २० पैकी झाले, आणि पहिल्यांदा गाण्याचे शब्द असलेलं म्युझिक चालायला लागलं, त्याआधी शब्द चालत नसत. त्याच वर्षी किव्हच्या वर्ल्डला स्टान्यूटा परत तिसरी, याना कुद्र्यावत्सेवा पहिली आणि गान्ना रिझातदिनोवा दुसरी. २०१५ ला श्टुटगार्टला परत तिसरी, या वेळी पुढे कुद्र्यावत्सेवा आणि मामून. कुद्र्यावत्सेवा २०१३, १४, १५ सलग तीन वर्षं जगज्जेती होती हे लक्षात ठेवून बघा, म्हणजे वरची जागा जवळपास बुक होती.

शेवटी रिओ २०१६. पाचवी. त्यानंतर रिटायर.

हे सगळं एका रात्रीत संपवू नका, रविवारी एक वर्ष घ्या, मुलीबरोबर बसून.

बघायचं काय नक्की

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. म्युझिक असलं की आपण वाहवत जातो, चूक दिसत नाही. आवाज बंद केला की साधन दिसतं. आणि मुलीकडे न बघता साधनाकडेच बघायचं, हे सुरुवातीला फार अवघड जातं कारण डोळा आपोआप पायाकडे जातो.

रिबन घ्या. सीनियरची रिबन ६ मीटर लांब, काठी अर्ध्या मीटरच्या आसपास. साप काढला किंवा स्पायरल काढलं तर वळणं ४-५ हवीत आणि ती टोकापर्यंत सारखी हवीत. काठीजवळ सुंदर वळणं असतात आणि शेवटचा दीड मीटर मेल्यासारखा कार्पेटवर पडलेला असतो, तिथे मार्क जातात. व्हिडिओ थांबवून फक्त शेपटाकडे बघा. तुमच्या मुलीचा व्हिडिओ पण असाच थांबवून बघा, लगेच कळेल मॅडम एवढं काय ओरडत असतात.

बॉल पकडायचा नसतो, तळहातावर ठेवायचा असतो. बोटांनी आवळला किंवा मनगटाला टेकवला की कापतात. हूप हवेत गेला की त्याची चकती थरथरते का बघा, थरथरली तर फेक बिघडलेली, जरी नंतर नीट पकडला तरी. क्लब्जला दोन्ही हात एकसारखे चालतात का, की उजवा हात काम करतोय आणि डावा नुसता पाहुणा आलाय.

आता ड्रॉप. खाली पडलं की सगळे चुकचुकतात, पण सगळे ड्रॉप सारखे नसतात. २०२२ ते २४ च्या कोडप्रमाणे साधन जागच्या जागी पडलं आणि तिथेच उचललं तर ०.५०, एक-दोन पावलं जावं लागलं तर ०.७०, तीन किंवा जास्त तर १.००. शिवाय ज्या एलिमेंटमधे, म्हणजे रूटीनमधल्या ज्या उडीत, फेकीत नाहीतर गिरकीत, पडलं त्याचे मार्क पण जातात, तो खरा फटका. म्हणून ड्रॉप झाला की पडलं कुठे यापेक्षा पावलं मोजा. रिओच्या फायनलला कुद्र्यावत्सेवाचा क्लब अगदी रूटीनच्या शेवटी शेवटी पडला आणि गोल्ड मामूनला गेलं. सिडनीला अलिना काबायेवाचा हूप कार्पेटच्या बाहेर गेला, ती ३९.४६६ वर ब्राँझ, आणि रास्किना ३९.५४८ वर सिल्व्हर. आणि टोकियोला उलटं, अश्रामची रिबन फायनलला पडली तरी गोल्ड तिचंच, रशियाची दिना अवेरीना १०७.६५० वर दुसरी, रशियाने त्यावर बराच आरडाओरडा केला. हार्नास्को १०२.७०० वर तिसरी, म्हणजे पहिल्या दोघींच्या भांडणापासून पाच मार्क लांब, शांतपणे ब्राँझ घेऊन. नंतर त्याच वर्षी जपानमधे किताक्युशूच्या वर्ल्डला ऑल-अराउंड सिल्व्हर आणि रिबनचं गोल्ड पण काढलं तिने. स्टान्यूटा झाली की पुढची वही हार्नास्कोची करा.

पाचवी म्हणजे काय

क्लासबाहेर बाकड्यावर बसलेले एक काका मला म्हणाले, अहो ताई पण ऑलिम्पिक मेडल नाही ना, पाचवी म्हणजे काय, कोण विचारतं पाचवीला. तर काका, असं बघा. रिओला पुढे कोण होतं, मामून आणि कुद्र्यावत्सेवा, दोघी एकाच देशाच्या, रशियाच्या. मग युक्रेनची रिझातदिनोवा, कोरियाची सोन यन-जे, मग ही. देशाप्रमाणे मोजलं तर चौथा देश. वर ऑलिम्पिकला वैयक्तिकमधे फक्त ऑल-अराउंडचंच मेडल असतं, हूपचं वेगळं, रिबनचं वेगळं असं नसतं. वर्ल्डला साधनांची वेगळी फायनल असते, तिथे एखादं रूटीन भारी झालं तरी गळ्यात काहीतरी पडतं. ऑलिम्पिकला चारपैकी एक रूटीन बिघडलं की बाकी तीन कितीही छान असोत, गेलं. म्हणून वर्ल्डची मेडल आणि ऑलिम्पिकची मेडल एकाच तागडीत घालू नका. आणि लंडनला फायनलसुद्धा न मिळालेली मुलगी चार वर्षांनी पाचवी येते, मधे दोनदा जगात तिसरी, हे मला तरी एखाद्या मेडलपेक्षा कमी वाटत नाही. काकांना पटलं की नाही माहीत नाही, त्यांनी चहा मागवला.

उलटं पण खरं आहे, वर्ल्ड कपच्या मालिकेतली मेडल बघून हुरळून जायचं नाही. तिथे कधी सगळ्या मोठ्या मुली असतात, कधी निम्म्या नसतात. रिझल्टची पूर्ण यादी उघडून कोण आलंच नव्हतं ते बघायचं.

शोधताना आणि लाइव्ह बघताना

नावांचा घोळ फार. बेलारूसी स्पेलिंग वेगळं, रशियन वेगळं, एकच मुलगी कुठे हार्नास्को तर कुठे गोर्नोस्को, चर्काशिना कुठे चेर्काशिना, स्टान्यूटाचं स्पेलिंग तर दोन-तीन तऱ्हेने मिळेल. एका स्पेलिंगने व्हिडिओ कमी आले तर दुसऱ्याने टाका, रशियन अक्षरात कॉपी-पेस्ट केलं तर सगळ्यात जास्त जुनं मटेरियल निघतं. फिगची, म्हणजे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघटनेची, स्वतःची साइट आणि यूट्यूब चॅनल आहे, अधिकृत रिझल्ट तिथलेच धरा, फॅन लोकांच्या व्हिडिओखाली टाकलेले मार्क कधी कधी क्वालिफिकेशनचे असतात आणि व्हिडिओ फायनलचा.

एक रिकामी जागा तुमच्या वहीत येणारच, ती चुकून राहिली असं समजू नका. मार्च २०२२ पासून फिगने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना युक्रेनच्या युद्धामुळे स्पर्धांतून बाहेर ठेवलं, आणि १ जानेवारी २०२४ पासून तटस्थ खेळाडू म्हणून, झेंडा आणि राष्ट्रगीताशिवाय, यायला परवानगी दिली. म्हणजे २०२२ आणि २०२३ च्या वर्ल्डच्या यादीत बेलारूस शोधत बसू नका. त्या काळातले रिझल्ट बाकी देशांसाठी पण याच नजरेने वाचावे लागतात.

लाइव्हसाठी आपल्याला वेळ फार वाईट नाही. गेली काही वर्षं वर्ल्ड कप ताश्कंद, बाकू, सोफिया, मिलान अशा ठिकाणी होतात. ताश्कंद आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, बाकू दीड तास. उन्हाळ्यात सोफिया अडीच, मिलान साडेतीन. म्हणजे शाळा, क्लास, जेवण उरकून बघता येतं.

आणि मुलीच्या बाबतीत

हे बघून मुली घरी करायला जातात, करणारच. हॉलमधे फॅनखाली क्लब्ज फेकायचे नाहीत, हे सांगायला लागू नये पण लागतं. रिबनला वारा लागला तर शेपूट भलतीकडे जातं म्हणून फॅन बंद करूनच, आणि पावसाळ्यात आपल्याकडे रिबन दमट होऊन जड पडते, गुंडाळून पिशवीत कोंबू नका, सुकवून गुंडाळा. पाय डोक्यामागे नेणं वगैरे वॉर्मअपशिवाय आणि कोच नसताना अजिबात नाही, व्हिडिओत दिसतं ते अनेक वर्षांच्या रोजच्या तासांचं आहे.

साधन विकत घेताना सीनियरचं माप डोळे झाकून घेऊ नका. सीनियर बॉल १८ ते २० सेंटिमीटर आणि किमान ४०० ग्रॅम, हूप ८० ते ९० सेंटिमीटर आणि किमान ३०० ग्रॅम, आठ वर्षांच्या हाताला हे जड जातं. ज्युनियरची रिबन ५ मीटर. मॅडमना विचारून घ्या. ऑनलाइन "जिम्नॅस्टिक रिबन" म्हणून दीडशे-दोनशे रुपयांत जे येतं ते वाढदिवसाला ठीक आहे.

बघायला कुणी जवळचं हवं असेल तर ठाणं लांब नाही. पूजा सुर्वे ठाण्याची, भारताकडून खेळली आणि आता कोच आहे, आणि तिथलीच संयुक्ता काळे, पंचकुलाच्या खेलो इंडियाला रिदमिकची पाचही गोल्ड एकटीने आणली. राज्य स्पर्धा जवळपास कुठे असली तर एक दिवस काढून मुलीला नुसती प्रेक्षक म्हणून न्या, आणि वही बरोबर घ्या. जज बसतात त्याच बाजूला जागा मिळाली तर उत्तम, कारण बाजूने बघितलं की साइड बॅलन्स आणि पिव्हटचा (एका पायावरच्या गिरकीचा) आकार नीट दिसत नाही, आणि मग उगाच वाटतं मार्क कमी दिले.